छत्तीस नंबरची दाढ

मराठीत ‘दात काढणे’ याचे दोन अर्थ आहेत. आपले दात आपणच काढले तर त्याला हसणे म्हणतात. दुसऱ्याने काढले तर त्याला पैसे द्यावे लागतात. पहिल्या प्रकाराबद्दल मास्तरांनी मला अनेकदा बाकावर उभे केले. दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र कुणी काही शिकवले नाही. मी बी.कॉम. आहे. घसारा कसा काढावा हे शिकलो, ताळेबंद कसा काढावा हे शिकलो, पण दाढ कशी काढून घ्यावी हे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नव्हते. परीक्षा मात्र त्याच विषयाची झाली.

निमित्त भडंगाचे झाले. सांगलीकराला भडंग हा खाद्यपदार्थ वाटतच नाही. गप्पा मारताना तोंड मोकळे राहू नये म्हणून केलेली ती एक सोय आहे. एका मंगळवारी संध्याकाळी दाढेखाली एक दाणा आला. तो दाणा नव्हता, खडा होता. ‘कट्’ असा आवाज झाला. मला वाटले खडा फुटला. खड्याला काहीही झालेले नव्हते. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेत कॉलेजात असताना चांदी भरलेली होती. ती चांदी जागच्या जागी होती आणि तिच्याभोवतीची दाढ दुभंगली होती. कुलूप शाबूत आणि तिजोरी फुटलेली, असा प्रकार.

वर गार पाण्याचा घोट घेतला. कळ थेट कानातून टाळूला गेली. मी “आई गं!” म्हणताच आई आणि ही, दोघी स्वयंपाकघरातून धावत आल्या. हिने मोबाइलची बॅटरी लावली आणि म्हणाली, “अहो, आ करा. अजून. एरवी एवढं उघडतं की!” मग निकाल दिला, “चांगली उभी भेग आहे.” आई आत आली नाही. दारातच उभी राहून तिने विचारले, “काढायला लागणार का रे?” तिचा आवाज जरा वेगळा वाटला; पण त्या क्षणी मला माझ्या दाढेखेरीज दुसरे काही ऐकू येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. दाढ दुखते हे लोकांना सांगावे लागत नाही. हात गालावर गेला, की काउंटरच्या दोन्ही बाजूंचे लोक सल्ला घेऊन हजर होतात. या सल्लागारांच्या तीन जाती आहेत.

पहिली जात घाबरवणाऱ्यांची. आमचे हेड कॅशियर या जातीचे. त्यांनी नोटा मोजता मोजता आपल्या मेव्हण्याची हकीकत सांगितली. ती दीड तास चालली (म्हणजे मेव्हण्याची दाढ काढणे, हकीकत दोन तास चालली). शेवटी डॉक्टरांनी म्हणे मेव्हण्याच्या छातीवर गुडघा रोवला. एवढे सांगून त्यांनी गड्डीला रबर लावले आणि म्हणाले, “तुमचं तसं होईलच असं नाही.”

दुसरी जात धीर देणाऱ्यांची. आमचे कर्ज विभागाचे साहेब म्हणाले, “अहो, काही नसतं! मुंगी चावल्यासारखं वाटतं.” मी विचारले, “तुमची कधी काढली?” ते म्हणाले, “छे! माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत.” स्वतः कर्ज न घेतलेला माणूस कर्ज किती सोपे आहे हे जेव्हा सांगतो, तेव्हा त्याचा चेहरा असाच प्रसन्न असतो.

तिसरी जात घरगुती औषधवाल्यांची. लवंग, तुरटी, हिंग, पेरूची पाने, आणि सांगली असल्यामुळे हळद तर आलीच. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिरपणा येतो हे खरे आहे. मी ते लावले, आणि दाढेपेक्षा जीभच जास्त बधिर झाली. पण दुभंगलेली दाढ लवंगेने सांधत नाही. शाखेबाहेरचा चहावाला या तिन्ही जातींच्या पलीकडचा. त्याने एकच प्रश्न विचारला, “साहेब, वरची का खालची?” खालची म्हटल्यावर तो म्हणाला, “मग वाचलात. वरची काढली की डोळा जातो.” ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती साफ खोटी आहे. दिसणे ज्या नसेवर अवलंबून असते, तिचा आणि दाढेचा काडीचाही संबंध नाही. हे मला नंतर कळले. तोवर मी दोन दिवस, दाढ खालची असूनसुद्धा, एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरच्या तिथी वाचून पाहत होतो.

दवाखाना एका तरुण डॉक्टरीणबाईंचा होता. त्यांनी मला पाहताच “या काका,” म्हणून निम्मा धीर घालवला. मग एक अर्ज भरून घेतला. ब्लडप्रेशर आहे का, साखर आहे का, रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. थोडक्यात केवायसी. गेली वीस वर्षे मी लोकांकडून फॉर्म भरून घेतो आहे, पण स्वतः भरताना प्रत्येक रकान्यात आपण काहीतरी लपवत आहोत असे का वाटते, कोण जाणे. त्या म्हणाल्या, “इथे काही लपवू नका. गोळ्या असतील तर चिठ्ठी आणा. आणि आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका.”

मग एक्स-रे काढला आणि त्या मदतनीस मुलीला म्हणाल्या, “छत्तीस नंबर लिही.”

मी दचकलो. कुणाशी पटेनासे झाले की आपण त्याच्याशी छत्तीसचा आकडा आहे म्हणतो. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात ना, म्हणून. माझ्याच तोंडातल्या दाढेशी माझा छत्तीसचा आकडा असावा हा मला विनोदच वाटला. पण तो विनोद नव्हता, हिशेब होता. दंतवैद्य तोंडाचे चार भाग पाडतात. उजवीकडचा वरचा एक, डावीकडचा वरचा दोन, डावीकडचा खालचा तीन आणि उजवीकडचा खालचा चार. मग प्रत्येक भागात मधल्या दातापासून मागे मोजत जायचे. तिसऱ्या भागातला सहावा, म्हणजे छत्तीस. तोंडाला चार शाखा आणि प्रत्येक शाखेत आठ खाती. इतकी शिस्तशीर खतावणी माझ्या जबड्यात आहे याचा मला, त्याही अवस्थेत, अभिमान वाटला.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. तिच्या आधी त्या जागी दुधाचा दात नसतो. ती गुपचूप मागून येऊन कामाला लागते. मी आज शेहेचाळीस वर्षांचा. म्हणजे चाळीस वर्षांची अखंड सेवा! एक दिवस रजा नाही, बदली नाही, बढती नाही. २०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा निदान माणसांची इच्छा तरी विचारली होती.

“वाचणार नाही का हो?” मी विचारले.

“दाढ वाचवता आली तर मी कधीच काढत नाही,” त्या म्हणाल्या. “नुसती किडली असती तर रूट कॅनाल करून वर कॅप घातली असती. पण ही चीर मुळापर्यंत गेलीय.” मग त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. काळ्या-पांढऱ्यात मला काही कळले नाही, पण मी मान डोलावली. आमच्याकडे व्याजाचे कोष्टक दाखवले की ग्राहक अशीच मान डोलावतात.

मी दुसरा शनिवार मागून घेतला. २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. या सवलतीचा मी असा उपयोग करीन असे मला वाटले नव्हते. जाताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “उपाशी येऊ नका हं. पोटभर जेवून या.” हे मात्र घरी कुणाला पटेना. ऑपरेशन म्हणजे उपास, असा आपला हिशेब. पण पूर्ण बेशुद्ध करायचे असेल तेव्हा उपाशी राहायचे असते. इथे फक्त दाढेचा परिसर बधिर करतात, आणि नंतर काही तास धड खाता येत नाही, म्हणून आधी जेवायचे.

शनिवारी खुर्चीत बसलो. खरे म्हणजे निजलो, कारण ती खुर्ची आपल्याला बसू देत नाही. आधी हिरडीला कसलेसे गोडसर मलम लावले आणि मग सुई. ती मागच्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्यात देतात. टोचते का? टोचते. कर्ज विभागाच्या साहेबांची मुंगी खरोखरच चावते, पण ती मुंगळ्याच्या आकाराची असते आणि दहा-पंधरा सेकंद चावत राहते. छातीत जरा धडधडले. औषधात असलेल्या ॲड्रिनलिनने तसे होऊ शकते, असे त्या म्हणाल्या. ते मला बरे वाटले. घाबरल्याचे खापर औषधावर फोडता आले.

“ओठ जड झाला की सांगा,” म्हणून त्या हात धुवायला गेल्या. ओठ जड होईपर्यंत पाच-दहा मिनिटे जातात, तेवढ्यात एक गोष्ट सांगून टाकतो. अमेरिकेत हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचे दंतवैद्य होते. डिसेंबर १८४४ मध्ये ते लाफिंग गॅसचा खेळ बघायला गेले. वायू हुंगून नाचणाऱ्या एका माणसाच्या पायाला चांगले लागले, आणि त्याला ते कळलेसुद्धा नाही. दुसऱ्याच दिवशी वेल्सनी तो वायू स्वतः हुंगला आणि आपल्या एका व्यवसायबंधूकडून स्वतःची दाढ काढून घेतली. दुखले नाही! माझ्या माहितीप्रमाणे ‘दात काढणे’चे दोन्ही अर्थ तिथे प्रथम एकत्र नांदले. पुढे १८४५ साली बॉस्टनला चारचौघांत प्रयोग करताना रुग्ण ओरडला आणि वेल्सची छीथू झाली. त्यांचेच एकेकाळचे शिष्य मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच गावात ईथर देऊन शस्त्रक्रिया करवून दाखवली, आणि मग भूल जगभर गेली. आज सुईत असते ते लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले. तेव्हा सुई टोचताना ज्याला रडू येईल त्याने १८४४ च्या आधीच्या लोकांची आठवण काढावी.

ओठ जड झाला. ओठ कसला, गालाला कुणीतरी उशी शिवली आहे असे वाटू लागले. “दाब जाणवेल, दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर करा,” त्या म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

माझी कल्पना अशी, की दाढ पक्कडीने ओढतात. तसे नसते. भिंतीत खिळा ठोकलेला असतो तशी दाढ हाडात ठोकलेली नसते. बारीक बारीक तंतूंनी ती खाचेत टांगलेली असते. ते तंतू सोडवायचे, खाच थोडी रुंद करायची, दाढ इकडून तिकडे हळूहळू डोलवायची. ती कंटाळून स्वतःच बाहेर येते. यात ताकदीपेक्षा चिकाटीचे काम जास्त. हेड कॅशियरांच्या मेव्हण्याच्या छातीवरचा गुडघा मला त्याच क्षणी खोटा वाटला, कारण डॉक्टरीणबाईंचे मनगट आमच्या घरच्या लाटण्याएवढे होते.

पण माझी दाढ कंटाळेना. खालच्या दाढेला दोन मुळे असतात, आणि माझ्या दाढेची मुळे दोन दिशांना पाय पसरून बसली होती. मग त्यांनी ड्रिलने दाढेचे दोन तुकडे केले आणि एकेक मूळ वेगळे काढले. एकत्र कुटुंबाचे असेच असते. वाटणी झाल्याशिवाय दोघेही घर सोडत नाहीत, आणि वाटणी झाली की पाच मिनिटांत निघतात. या सगळ्यात दुखले नाही. मात्र आवाज येतो, आणि तो आवाज कानातून नव्हे, कवटीतून येतो. आपल्याच घरात कुणीतरी फर्निचर सरकवत आहे असे वाटते. त्याची कल्पना आधी असलेली बरी. मी डावा हात एकदाच वर केला, तोही नाक खाजवायला.

ट्रेमध्ये ‘टण्’ असा आवाज झाला. मी डोकावून पाहिले. जी दाढ मी चाळीस वर्षे आरशात पाहत होतो ती निम्मीसुद्धा नव्हती. मुळे वरच्या भागापेक्षा लांब होती. एवढे मोठे माणूस आपल्याकडे कामाला होते, आणि आपण त्याला फक्त काउंटरवर पाहिले होते.

मग कापसाची गुंडाळी चावायला दिली आणि नियम सांगितले. पाऊण तास कापूस घट्ट चावून धरायचा, बोलायचे नाही. (“डॉक्टर, तासभर सांगा ना,” ही म्हणाली.) दिवसभर थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही, नळीने काही ओढून प्यायचे नाही, कारण खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते ती म्हणजे जखमेचे झाकण, ते उडाले तर हाड उघडे पडते. लाळ लाल दिसली तरी घाबरायचे नाही. थेंबभर रक्त वाटीभर लाळेला रंग देते. पण कापूस बदलून, घट्ट चावूनही भळभळतच राहिले तर मात्र फोन करायचा. गालावर बाहेरून बर्फ लावायचा. बधिरपणा दोन-चार तासांत उतरतो. तो उतरण्याच्या आधीच दुखण्याची गोळी घ्यायची. चोवीस तासांनी कोमट मीठपाणी. तंबाखू-सिगारेट बंद. दोन-तीन दिवस सूज आणि ठणका चालेल, पण तो रोज कमी झाला पाहिजे. कमी होण्याऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढला तर तडक यायचे. आणि खायला गार, मऊ. आइस्क्रीम चालेल, पण चमच्याने.

थुंकायचे नाही, हा नियम आपल्या देशात सर्वांत अवघड. आइस्क्रीमचा मात्र मी काटेकोरपणे पाळला.

पहिल्या रात्री ठणकले. गोळीने थांबले. दुसऱ्या दिवशी गाल असा सुजला की आरशात मला साक्षात आमचे झोनल मॅनेजर दिसले. तिसऱ्या दिवशी उतार पडला. त्या तीन दिवसांत मला गुरगुट्या भात, मुगाचे वरण, मऊ शिरा असे ताट मिळत होते. तिसऱ्या रात्री जेवताना सहज बाजूला पाहिले तर आईच्या ताटात तेच होते. भाकरी होती ती दुधात कुस्करलेली. “आताशा जड पचत नाही रे,” असे ती दोन वर्षे सांगत होती, आणि पंचाहत्तरीच्या माणसाचे हे सांगणे सगळ्यांना पटतेच. पण त्या रात्री, स्वतःची एक बाजू बंद असल्यामुळे, मला दुसऱ्याची बंद बाजू दिसली. आई फक्त उजवीकडे चावत होती.

मी काही बोललो नाही. झोपायच्या वेळी तीच येऊन बसली. पदराने चष्मा पुसत विचारू लागली. सुई नक्की कुठे टोचतात? किती वेळ लागला? रक्त किती आले? हात-पाय धरतात का?

“हात-पाय कशाला धरतील?”

मग तिने सांगितले. ती दहा-अकरा वर्षांची होती. १९६१-६२ साल असेल. बाजारच्या दिवशी गावात दात काढणारा एक माणूस बसायचा. भूल वगैरे काही नाही. चौघांनी धरले आणि त्याने पकडीने ओढला. दात तुटला, अर्धाच आला. पुढे महिनाभर तोंड सुजून होते. ही गोष्ट तिने मला आजवर सांगितली नव्हती. बाबांनाही सांगितली होती की नाही, कोण जाणे.

“काही दुखत नाही, आई,” हे वाक्य माझ्या ओठावर आले होते. पण ते कर्ज विभागाच्या साहेबांचे वाक्य होते, आणि आईचा त्यावर साठ वर्षांत कधी विश्वास बसलेला नव्हता. तेव्हा मी आमच्या धंद्यातली गोष्ट केली. ग्राहक घाबरून आला की आम्ही धीर देत नाही, खात्याचा उतारा देतो. तारीख, नोंद, रक्कम. मी बोटे मोजत सांगितले, “सुई टोचते, पंधरा सेकंद. ओठ जड होतो. मग आवाज येतो, मोठा येतो. दाब येतो. हात वर केला की त्या थांबतात. रात्री ठणकतं, गोळीने राहतं. तीन दिवस गाल सुजतो. बास. याच्यापेक्षा जास्त काही नाही.”

“आवाज येतो?” तिने पुन्हा विचारले.

“येतो.”

खरे सांगितले याची तिला खात्री पटली असावी. थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, “चौथ्या शनिवारी बँक बंदच असते ना तुझी?”

डॉक्टरीणबाईंनी तिच्या गोळ्यांची चिठ्ठी वाचली, ब्लडप्रेशर मोजले, तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. तिच्या डावीकडच्या दोन दाढा खराब होत्या. त्यातली एक वाचवता येण्यासारखी होती, एक काढायची होती. “आजी, दुखलं तर हात वर करा,” असे त्यांनी सांगितले तेव्हा आईचा एक हात मदतनीस मुलीच्या हातात आणि दुसरा हिच्या हातात घट्ट होता. दोन्ही शेवटपर्यंत तिथेच राहिले. पंधरा मिनिटांत आटोपले. कापूस चावत ती बाहेर आली, माझ्याकडे पाहून एक बोट वर केले आणि मग हात असा उडवला, की त्याचा अर्थ ‘एवढंच?’ असाच होत होता.

पाऊण तासाने कापूस काढल्यावर ती एवढेच म्हणाली, “साठ वर्षं उगाच.” मग बराच वेळ काही बोलली नाही.

पण आता ती बोलते. आमच्या कॉलनीत कुणाही आजीचा हात गालावर गेला की तिला आईकडे पाठवतात. आई घाबरवत नाही आणि धीरही देत नाही. बोटे मोजत उतारा वाचून दाखवते. सुई टोचते, पंधरा सेकंद. ओठ जड होतो. आवाज येतो. दाब येतो. रात्री ठणकतं. सगळ्या नोंदी माझ्याच, एका कलमाचाही फरक नाही. फक्त शेवटी तिने स्वतःची एक नोंद घातली आहे, आणि ती वाचताना तिचा चेहरा फार गंभीर असतो:

“आणि दोन दिवस आइस्क्रीम खावं लागतं. त्याला काही इलाज नाही.”